ऋणत्रय आणि संशोधन

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पीएच.डी.साठी प्रवेश मिळालेला, आणि त्याच शहरातील एखाद्या संगणक कंपनीचे नेमणूकपत्रही हाती असलेला मराठी तरुण ज्या द्विधेत सापडतो, ती वरवर पगाराची दिसते. कारण कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे आणि कंपनी त्याहून पुष्कळ अधिक देऊ शकते. परंतु या द्विधेच्या तळाशी असलेला प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी हाताळलेला आहे. देव, ऋषी आणि पितर यांची तिन्ही ऋणे फेडल्यावरच मन मोक्षाकडे लावावे, असे मनुस्मृतीचा सहावा अध्याय बजावतो. जाबालोपनिषद मात्र हा क्रम अनिवार्य मानीत नाही आणि ज्या दिवशी वैराग्य उपजेल त्याच दिवशी घर सोडण्याची मुभा देते. मोक्ष आणि संशोधन एक नव्हेत हे खरे. तथापि कर्तव्याची फेड आधी की अंतःकरणाची ओढ आधी, हा वाद दोहींकडे तोच आहे.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचे पूर्वायुष्य पहिल्या पक्षाची साक्ष देते. १९०७ साली ते सरकारच्या हिशेब खात्यात अधिकारी म्हणून दाखल झाले आणि दहा वर्षे त्यांनी ती चाकरी इमानाने केली. कलकत्त्यात पहाटेच बहुबाजार रस्त्यावरील प्रयोगशाळा गाठावी, तेथून घरी येऊन घाईघाईने कचेरीत जावे, आणि कचेरी सुटली की पुन्हा प्रयोगशाळेत शिरावे ते रात्रीपर्यंत, असा त्यांचा क्रम होता. मध्यंतरी रंगूनला आणि आपल्या नागपूरला बदली झाली, तरी ध्यास सुटला नाही. १९१७ साली त्यांनी राजीनामा देऊन कलकत्ता विद्यापीठातील कमी वेतनाचे पालित प्राध्यापकपद स्वीकारले, तेव्हा आपण काय सोडतो आहोत याची त्यांना पुरती जाणीव होती.

तेच रामन १९३३ मध्ये बंगळूरच्या संस्थेचे संचालक झाले, आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आलेल्या कमला भागवत यांचा अर्ज, केवळ त्या स्त्री आहेत म्हणून, त्यांनी फेटाळला. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनीचे वडील आणि चुलते दोघेही त्याच संस्थेचे जुने विद्यार्थी. म्हणजे घरचे ऋण आणि ऋषींचे, अर्थात विद्येचे, ऋण येथे एकाच दिशेला होते, अडसर होता तो अधिकाराचा. त्या समक्ष जाऊन नकाराचे कारण विचारत्या झाल्या, सत्याग्रहाला उभ्या राहिल्या, आणि अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: वर्षभर नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्रीसुद्धा, काम करावे लागेल, आणि त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. या अटी अपमानकारक होत्या, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दुधातील आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम करीत त्यांनी ते वर्ष काढले. त्यानंतर रामन यांनी स्त्रियांना प्रवेश खुला केला. १९३९ साली कमलाबाईंना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली.

जाबालोपनिषदाने सांगितलेले वैराग्य असे असते; दार बंद झाल्यावरही ते उंबऱ्याशी टिकून राहते. नोकरीचा निर्णय चार-पाच वर्षे पुढे ढकलता येतो एवढ्याचसाठी जो संशोधनाकडे वळतो, त्याच्यापाशी ते नाही, आणि त्याने नोकरी पत्करण्यात कोणताही कमीपणा मानू नये.

मात्र ज्याच्यापाशी ते आहे, त्याला आपण मनूचा क्रम ऐकवतो तेव्हा एक गोष्ट विसरतो. मनूची ऋणे मोजकी आणि फिटणारी आहेत. आपल्या घरांतील ऋण आधी वडिलांच्या कर्जाचे, मग बहिणीच्या लग्नाचे, मग स्वतःच्या सदनिकेचे, असे मुदतीवाचून वाढत जाते. शिवाय रामन यांना कचेरीआधी प्रयोगशाळा उघडी मिळे, तशी ती आज बाहेरच्या नोकरदाराला सहसा मिळत नाही, त्यामुळे ‘नोकरी सांभाळून कर’ हा उपदेश बहुधा नकारच ठरतो. म्हणून आईवडिलांना माझी विनंती आहे: मुलाला किंवा मुलीला ‘आधी घराचे पाहा’ असे सांगण्यापूर्वी घराची गरज किती रुपयांची आणि किती वर्षांची आहे, हे कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवा, आणि ती गरज खरोखर नसेल, तर तसेही सांगा.