जिल्हा तोच राहतो का?

जिल्ह्यातले काही तालुके काढून दुसरा जिल्हा केला, तर मूळ जिल्हा तोच राहिला असे म्हणता येईल का? १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. जमीन मात्र होती तेवढीच आहे.

न्यायदर्शनानुसार अवयवी हा अवयवांहून निराळा असा खरा पदार्थ असतो. वस्त्रातला एक धागा काढला की जुने वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांचे ‘खंडपट’ उत्पन्न होते. हा न्याय लावला तर १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होताच जुना रत्नागिरी जिल्हा संपला आणि त्याच नावाचा नवा जन्मला. अर्थात, नैयायिक जिल्ह्याला अवयवी मानतीलच असे नाही. सेना आणि वन हे त्यांच्या लेखी निव्वळ समूह आहेत.

बौद्धांना एवढा खटाटोप करावा लागत नाही. ‘मिलिंदपञ्हा’तला नागसेन रथाची चाके, आस, दांडी एकेक करून विचारतो आणि रथ हे सुटे भाग मिळून पडलेले व्यवहारातले नाव आहे, असे मिलिंद राजाकडून वदवून घेतो. जिल्ह्याला हे मत चपखल बसते, कारण तो शासनाच्या अधिसूचनेने जन्मतो.

पण व्यवहारापुरते म्हणजे खोटे नव्हे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. डहाणूच्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर गाव आणि तालुका तेच राहिले, बदलला तो जिल्हा. बांध जागचा हलला नाही. तरी जिल्हाधिकाऱ्यांकडचे काम आता ठाण्याऐवजी पालघरला होऊ लागले. ठाणे मात्र आठ तालुके जाऊनही ठाणेच राहिले. त्याचे सातत्य जमिनीवर अवलंबून नव्हते. ते मुख्यालयात आणि दप्तरात होते.

खानदेशात नेमके उलटे घडले. १९०६ साली त्या जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघाला. खानदेश नावाचा जिल्हा आज कोणत्याही यादीत नाही. तरी अहिराणी बोलणारा माणूस स्वतःला खानदेशी म्हणवतो. नागसेनाच्या मताने पाहिले तर हेही व्यवहारातलेच नाव आहे, फक्त ते शासनाने दिलेले नाही आणि शासनाच्या अधिसूचनेने रद्दही होत नाही.