वाचकाचे देणे

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेवांनी वेदांबद्दल एक धीट तक्रार नोंदवली आहे. वेद संपन्न आहे, पण त्याच्यासारखा कृपणही दुसरा नाही. कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला, आणि स्त्रिया, शूद्र व इतर माणसे दाराबाहेरच राहिली. हा उणेपणा धुऊन काढण्यासाठीच तो गीतेच्या रूपाने पुन्हा प्रकटला, असे ते सांगतात. ग्रंथाचे मोठेपण आतल्या आशयावरून ठरते, हे आपण मानतोच. तो ग्रंथ किती जणांना बाहेर ठेवतो, हेही ज्ञानदेव त्याच्या पारड्यात टाकतात. हीच कसोटी आजच्या छापील पुस्तकाला लावावी असे मला वाटते. दृष्टी नसलेला विद्यार्थी, डिस्लेक्सियामुळे अक्षरांची ओळ हाती न लागणारी मुलगी, सेरेब्रल पाल्सीमुळे पुस्तक धरता येत नाही की पान उलटता येत नाही असा तरुण, या सगळ्यांची बुद्धी शाबूत असते आणि पुस्तक मात्र बंद असते. त्यांच्यासाठी ते उघडणे हे दान आहे की ऋण? मला ते ऋण वाटते, आणि या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

विद्यादानाला आपल्याकडे फार मोठे स्थान आहे, आणि ते उगाच नाही. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्थांसाठी कितीतरी स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे पुस्तके आवाजात उतरवली, ब्रेलमध्ये लिप्यंतरित केली. हे श्रम झाले नसते तर पिढ्यांची शिक्षणे अडली असती. तरीही दानाचा स्वभाव असा, की काय द्यायचे, कधी द्यायचे आणि किती द्यायचे हे दाता ठरवतो. कादंबरी वाचून द्यायला माणूस मिळतो. संख्याशास्त्राचे क्रमिक पुस्तक जून महिन्यातच हवे असते आणि तेव्हा ते मिळत नाही. शिवाय घेणाऱ्याने कृतज्ञ असावे ही अपेक्षा दानात गृहीत असते, म्हणून उशिराबद्दल वा चुकांबद्दल त्याला बोलता येत नाही. ऋणाचे तसे नसते. तैत्तिरीय संहितेत जन्मासोबत येणारी तीन ऋणे सांगितली आहेत. त्यांतले ऋषिऋण अध्ययनाने फिटते. या ऋणाचे धनको केव्हाच निघून गेलेले असतात. त्यांना परत काही देता येत नाही. शिकलेले जिवंत ठेवणे आणि पुढच्याच्या हाती सोपवणे एवढीच परतफेड शक्य असते. आज जो कोणी पुस्तक लिहितो वा छापतो, तो आधीच्यांकडून घेऊनच लिहितो-छापतो. मग पुढे येणारा वाचक डोळ्यांनी वाचतो की कानांनी, हे पाहून देणे चुकते करायचे की नाही असे ठरवण्याचा अधिकार ऋणकोला उरत नाही.

येथे एक गंभीर आक्षेप येतो. ज्या परंपरेतून मी ऋणाची कल्पना घेतो आहे, तिनेच तर अधिकारभेद सांगून बहुसंख्यांना ज्ञानाबाहेर ठेवले. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातले अपशूद्राधिकरण आणि त्यावरचे शंकराचार्यांचे भाष्य वाचले की हा आक्षेप खोडता येत नाही. तेथे शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार स्पष्टपणे नाकारला आहे. हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. पण ज्ञानदेवांनीही तो मान्य करूनच पुढचे पाऊल टाकले. ऋणाची कल्पना त्यांनी सोडली नाही, ते कोणाला फेडायचे याची मर्यादा तोडली. सर्वांना कळणाऱ्या भाषेत ते बोलत गेले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. परंपरेने कुंपण घातले म्हणून ऋण नाहीसे होत नाही. उलट इतकी शतके ते थकले आहे एवढेच त्यातून सिद्ध होते.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांकडून येतो: ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या यंत्राने खरे अध्ययन होत नाही. भारतीय विचारात तरी याला आधार सापडणे कठीण आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्मज्ञानाची वाट सांगतात ती श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशी. तिची सुरुवातच कानापासून होते. वेद लिपीविना टिकवताना पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा रचना केल्या गेल्या. शब्द सुटा करून, पुढच्याशी जोडून, उलटसुलट फिरवून म्हणण्याच्या या रीती म्हणजे कानाने केलेले मुद्रितशोधनच. स्क्रीन रीडर वापरणारा वाचकही असाच सक्रिय असतो. तो मथळ्यावरून मथळ्यावर जातो, शब्दापाशी थांबतो, अडला तर एकेक अक्षर ऐकतो, आणि सरावाने नव्या माणसाला कळणारही नाही इतक्या वेगाने ऐकतो. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी 2006 मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर आज मराठीही वाचतो. तरी आक्षेपात एक खरा कण आहे आणि तो टाकून देऊ नये. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ यांच्या उच्चारातला फरक कानाला सहसा लागत नाही. केवळ ऐकून शिकणाऱ्या मुलाचे शुद्धलेखन कच्चे राहते, म्हणून भारती ब्रेल अजूनही शिकवले पाहिजे. बोटांखाली अक्षर उमटवणारे ब्रेल डिस्प्ले महाग आहेत, ते शाळांनी घेतले पाहिजेत. यातून निष्कर्ष एवढाच निघतो, की पुस्तकाचा मजकूर असा असावा ज्यातून आवाज, ब्रेल आणि मोठे अक्षर यांपैकी हवे ते रूप वाचकाला काढून घेता येईल.

नेमके इथेच मराठी पुस्तक अडते. गेली तीस-पस्तीस वर्षे आपली बहुतेक पुस्तके संगणकावरच जुळवली जातात. म्हणजे ती डिजिटल आहेतच. पण डीटीपीमध्ये दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या अनेक फाँटमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. पडद्यावर ‘ज्ञान’ दिसते. फाइलमध्ये मात्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा निरर्थक ढीग असतो. स्क्रीन रीडर फाइलमध्ये जे असते तेच वाचतो, त्यामुळे कानावर येतो तो गोंधळ. डोळस माणसाला यात काही बिघडले आहे असे कधी कळतच नाही, आणि म्हणूनच ही चूक इतकी टिकली. असा मजकूर युनिकोडमध्ये उलटवता येतो, पण प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी. रफार सरकतात, जोडाक्षरे फुटतात, मग कोणीतरी पुन्हा अक्षर न् अक्षर तपासत बसते. बरे, युनिकोड झाले म्हणजेही संपले नाही. मथळा नुसता ठळक आणि मोठा केला तर डोळ्याला पुरतो. त्याला मथळा म्हणून खूण केली नसेल तर सहाशे पानांत चौथे प्रकरण शोधायचे कसे? गणितातला अपूर्णांक चित्र म्हणून चिकटवला असेल तर यंत्र तेथे मुके होते, आणि तोच मॅथएमएल या गणितलेखनाच्या संगणकीय पद्धतीत लिहिला तर अंश-छेदासह वाचला जातो. नकाशा, आलेख आणि आकृती यांचे शब्दांत वर्णन लागते. ते वर्णन लेखकानेच लिहिले पाहिजे, कारण त्या आकृतीतून काय दाखवायचे होते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. पुस्तक छापून झाल्यावर एखाद्या सद्‌भावी स्वयंसेवकाने ते अंदाजाने लिहावे, ही व्यवस्था पुस्तकाला आणि स्वयंसेवकाला दोघांनाही न्याय देत नाही.

कायद्याचे काय? कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी कोणतेही पुस्तक सुलभ रूपात आणण्याची, नफा न घेता वाटण्याची मुभा दिली. अशाच वाचकांपर्यंत पुस्तके पोचावीत म्हणून झालेल्या 2013 च्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश. तो करार 30 सप्टेंबर 2016 पासून लागू झाला आणि त्याच वर्षी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय उभे राहिले. या गोष्टी अभिमानाच्या आहेत. तरीही कॉपीराइटमधली ती सवलत नीट पाहिली तर लक्षात येते, की ती दात्याला अडवत नाही एवढेच. प्रकाशकावर ती काहीच सोपवत नाही. कायद्याची ती भाषा दानाचीच आहे. ऋणाची भाषा सापडते ती 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात. सर्व श्राव्य, छापील आणि इलेक्ट्रॉनिक आशय सुलभ रूपात असेल यासाठी शासनाने पावले उचलावीत, असे त्याचे बेचाळिसावे कलम सांगते. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क संविधानाच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

लेखक-प्रकाशकांची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नये. मराठी पुस्तकाची आवृत्ती लहान, मिळकत तुटपुंजी, आणि मोकळी फाइल एकदा बाहेर गेली की ती फिरत राहते. पण पुस्तकांच्या चोरट्या प्रती आजही सर्रास फिरतात आणि त्या छापील पानांचे फोटो काढून बनतात. त्या बनवायला सुलभ फाइलची गरज पडलेली नाही. ऋण मानले म्हणून पुस्तक फुकट द्यावे असेही होत नाही. छापील प्रतीच्या किमतीत सुलभ ईपब विकावे. विकत घ्यायला तयार असलेल्या वाचकापुढे आज घेण्यासारखी वस्तूच नाही. ‘असे वाचक किती?’ हा प्रश्नही मग निराळा दिसतो. पुस्तकच न मिळाल्यामुळे जे महाविद्यालयापर्यंत पोचले नाहीत, ते या मोजणीत येणार कसे? आणि खर्च फुगतो तो नंतरच्या दुरुस्तीत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याचा पाया घातला त्या मराठी विश्वकोशाच्या नोंदी आज संकेतस्थळावर युनिकोड मजकुरात आहेत. जो मजकूर शोधयंत्राला सापडतो आणि भाषेच्या अभ्यासकाला शब्द मोजायला उपयोगी पडतो, तोच स्क्रीन रीडरला वाचता येतो. त्यासाठी दुसरी प्रत बनवावी लागत नाही.

आता काही जण म्हणतील, कृत्रिम बुद्धिमत्ता पानाचा फोटो घेऊन सगळे वाचून दाखवेल, मग प्रकाशकांना त्रास कशाला? यंत्रे सुधारत आहेत हे खरे, आणि त्यांचे स्वागतच करायला हवे. पण यंत्राने सूत्रातले एक चिन्ह चुकवले वा आलेखाचे ठाम आवाजात चुकीचे वर्णन केले, तर ते पडताळण्याचे साधन त्या विद्यार्थ्याकडेच नसते. ते मूळ फाइल असलेल्या प्रकाशकाकडे असते. म्हणून आरंभ तिथूनच व्हावा. शासकीय अनुदानाने निघणाऱ्या आणि विद्यापीठांनी अभ्यासक्रमाला लावलेल्या प्रत्येक पुस्तकाला एक अट घालता येईल: मुद्रणालयात फाइल जाईल त्याच दिवशी मथळे, सूत्रे आणि आकृतिवर्णने यांसह युनिकोड ईपब तयार असावे, आणि ते स्क्रीन रीडर वापरणाऱ्या वाचकाकडून तपासून घेतलेले असावे. त्या तपासनिसाला मुद्रितशोधकासारखेच मानधन द्यावे आणि श्रेयपानावर त्याचे नाव छापावे.