जागतिक प्रावीण्य आणि मी

दहावीला माझे डिस्टिंक्शन चार मार्कांनी हुकले. पंचाहत्तर टक्के लागतात, आणि मी त्यांच्या उंबरठ्यावर ठेच लागून पडलो. त्या चार मार्कांचा उल्लेख आमचे वडील पुढे माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा करीत. तेव्हापासून तो शब्द ऐकला की मी विषय बदलतो.

पण परवा तो शब्द थेट अमेरिकेतून आला. आमची ताई इलिनॉय राज्यात असते. तिथे शाळेच्या शेवटच्या डिप्लोम्याबरोबर 'ग्लोबल स्कॉलर' म्हणून आणखी एक सर्टिफिकेट मिळवता येते. २०१६ साली त्या राज्याने तसा कायदाच केला. जगाशी संबंध असलेले विषय शिकायचे, समाजसेवा करायची, परक्या लोकांशी संवाद साधायचा आणि शेवटी एक मोठा प्रकल्प करून दाखवायचा. मग सरकार शिक्का मारून सांगणार, की या मुलीला जगाची ओळख झाली आहे!

यातला परका माणूस म्हणून भाचीने माझी निवड केली. बँकेच्या परीक्षेनंतर माझी कशासाठी तरी निवड होण्याचा हा पहिलाच प्रसंग. ''अगं, सख्खा मामा परका कसा?'' असे मी ताईला विचारले. ती म्हणाली, ''तिच्या हिशेबी परभणी परकीच. तू नीट शर्ट घालून बस म्हणजे झालं.''

रविवारी सकाळी वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा अशा पोशाखात मी मोबाईलसमोर बसलो. भाचीने पहिलाच प्रश्न टाकला, ''मामा, तुझ्यापेक्षा वेगळ्या संस्कृतीच्या माणसांशी तुझा रोज संबंध येतो का?''

आता हे परभणीकराला विचारायचे? 'जगात जर्मनी आणि भारतात परभणी' असे म्हणत लहानाचे मोठे झालेलो आम्ही! मी तोफच डागली. म्हटले, आमचे संत नामदेव नरसीचे. ती नरसी १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होती, मग हिंगोली वेगळा झाला. ते पार पंजाबात गेले, आणि शिखांच्या ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांना कोणत्या बोर्डाने सर्टिफिकेट दिले होते? आमच्या गावात तुराबुल हक बाबांच्या उरुसाला फेब्रुवारीत अख्खा जिल्हा लोटतो. तिथे पाळण्यात बसताना कोणी कोणाची संस्कृती विचारत नाही.

आणि आजोबा! ते निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. हैदराबादेत १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमच उर्दू, त्यामुळे खालपर्यंत तोच वारा. पुढे १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे आजोबांनी गल्ली न सोडता तीन राज्ये पाहिली. उर्दू त्यांच्यावर लादलेली होती, पण म्हातारपणी ते उर्दू पेपर मागवून वाचायचे. कोणी टोकले तर म्हणत, ''राग निजामावर होता. लिपीनं काय केलंय?''

भाची भराभर लिहून घेत होती. मग थांबली. ''पण मामा, हे सगळं दुसऱ्यांचं झालं. तुझं सांग ना.''

मी घाईघाईने आमच्या कॅशिअरसाहेबांना पुढे केले. अकरा वर्षे आम्ही शेजारशेजारच्या काउंटरवर. दर ईदला त्यांच्या घरून शीरखुर्म्याचा डबा येतो, आणि तो सगळ्यात आधी मी उघडतो.

''त्यांच्याकडून काय शिकलास?''

''खारीक आदल्या रात्री भिजत घालावी लागते.''

तिने तेही लिहून घेतले. मला वाटले, पास.

त्याच आठवड्यात एका शेतकऱ्याने गहाणखताच्या फाईलला पणजोबांच्या काळातले खरेदीखत जोडले. सगळे उर्दूत. मी कागद उचलला आणि थेट कॅशिअरसाहेबांपुढे धरला. ''जरा वाचून दाखवा.''

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. ''मला कामून देताव? मी मराठी मीडियमचा. जिंतूर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. दहावीला मराठीत ब्याऐंशी होते मला.''

मला एकसष्ट होते.

अकरा वर्षांत मी त्यांना शाळा विचारली नव्हती. विचारायची गरजच वाटली नव्हती, कारण मला सगळे आधीच माहीत होते. ते खरे लागले. माणूस अनोळखी असेल तर निदान चौकशी तरी करतो. ओळखीचा आहे असे एकदा ठरवले की तीही बंद.

शेवटी त्यांच्याच स्कूटरवर बसून आम्ही आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मास्तरांकडे गेलो. वय नव्वदीच्या पुढे, गळ्यात तुळशीची माळ, पाय धड होते तोवर वारी चुकवली नाही. त्यांनी कागद नाकाजवळ धरला आणि घडाघडा वाचला. वर कॅशिअरसाहेबांना त्यांच्याच नावाचा शुद्ध उच्चार शिकवला. तो त्यांनी मुकाट्याने तीनदा घोकला.

परतताना ते म्हणाले, ''घर पुढच्याच गल्लीत आहे. चहा घेऊन जाऊ.'' पुढच्याच गल्लीत! तिथे त्यांच्या नववीतल्या मुलीने मला उपमा आणि उत्प्रेक्षा यांतला फरक विचारला. मी बी.कॉम. आहे असे सांगून सुटका करून घेतली.

खरे तर हा लेख मी त्या अमेरिकन सर्टिफिकेटची टिंगल करायला घेतला होता. माणुसकीचे कसले आलेत मार्क, असे ठणकावून विचारणार होतो. पण आम्ही बँकवाले. पासबुकात नोंद मारल्याने पैसे वाढत नाहीत हे आम्हाला कळते. तरी नोंद करायला माणूस काउंटरपर्यंत येतो, आणि आला की शिल्लक किती ते त्याला दिसते. आजोबांना सक्तीने शिकावे लागले. भाचीला सर्टिफिकेटाच्या लोभाने का होईना, विचारावे लागते. मला सक्तीही नव्हती आणि लोभही नव्हता. पूर्ण मोकळीक होती. तिचा मी काय उपयोग केला? अकरा डबे संपवले.

पुढच्या रविवारी मी भाचीला सांगितले, ''माझं उत्तर खोड. मी अजून शिकतोय असं लिही.''

''मामा, इट्स ओके,'' ती म्हणाली, ''तसं लिहिलं तर मला जास्त मार्क मिळतील.''

यंदा ईदला डबा आला नाही, बोलावणे आले. सहकुटुंब गेलो. तिथे कळले, की खारकेचा मुद्दाही अर्धाच बरोबर होता. भिजवतात खरी, पण त्यांच्या घरी पाण्यात नव्हे, दुधात.