पिस्टन कुणासाठी बसवतो

"५८ सीसीचा ब्लॉक-पिस्टन द्या," असं म्हणत गिऱ्हाईक चेन सॉ काउंटरवर आपटतं. स्टिकरवर तसंच छापलेलं असतं, त्यात त्याची काय चूक. सिलिंडर उतरवून आत व्हर्निअर घातला की बिननावाच्या चिनी मशीनमध्ये बहुतेक वेळा ४५.२ मिमी निघतात, म्हणजे मशीन फार तर ५२ सीसीच्या आसपासचं. ४५ सीसी म्हणून विकतात त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ४३. आकडा फुगवून विकायची या धंद्यात इतकी सवय झालीय, की स्टिकर वाचून पिस्टन काढणारा दुकानदार मला अजून शिकाऊच वाटतो.

मी गिऱ्हाइकाला खरं ते सांगतो. कऱ्हाडात बसून पाटण-ढेबेवाडीपासून शिराळा-वाळव्यापर्यंतची मशिनं उघडताना ही शिस्त मी पाळली आहे, आणि तिचा मला अभिमान आहे. पण नीट पाहिलं तर त्या सांगण्यात एक तोराही असतो. चार माणसं उभी असताना व्हर्निअर वर धरून "बघा, फसवलंय तुम्हाला" म्हणताना मला बरं वाटतं. पैसे साठवून मशीन घेतलेला माणूस त्या वेळी कानकोंडा होतो. माप खरं असतं. ते एवढ्या मोठ्यानं सांगायची गरज मात्र त्याची नसते, माझी असते.

मापाचं काम आहेच तसं, डोक्यात हवा जाण्यासारखं. मोजायचा तो सिलिंडर. पिस्टन मुळातच बोअरपेक्षा किंचित बारीक असतो, आणि झिजलेला आणखी बारीक. त्याच्यावरून नवा मागवला की घोळ ठरलेला. स्टिलच्या एमएस १७० चा बोअर ३७, एमएस १८० चा ३८, आणि बाहेरून दोन्ही मशिनं जुळी. ३७ चा पिस्टन ३८ च्या सिलिंडरमध्ये विनातक्रार शिरतो, म्हणून "बसला की" हा काही पुरावा नव्हे. नवी रिंग एकटी बोअरमध्ये टाकायची, पिस्टनच्या डोक्यानं सरळ आत ढकलायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजनं बघायची. ती फट खोटं बोलत नाही. एवढं जुळलं तरी पिनची जाडी, पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची आणि रिंगची जाडी बघायची राहतेच. शिवाय खाचेत रिंग अडवणारी बारीक खुंटी कुठे आलीय तेही बघावं लागतं. ती पोर्टासमोर आली की रिंगचं टोक पोर्टात अडकून तुटतं, आणि नवा सिलिंडर पहिल्याच दिवशी भंगारात जातो.

आमच्या भागातल्या माणसाला यातली एक गोष्ट पटवणं अवघड जातं: हा सिलिंडर लेथवर चढवता येत नाही. किर्लोस्करांचा किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा. साताऱ्याकडे धनजीशा कूपरांनी १९२२ मध्ये कारखाना काढला. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा लायनर बदलताना बघत दोन-तीन पिढ्या इथं वाढल्या. राजदूतला आणि चेतकला लेथवर बोअर मारून ओव्हरसाईज पिस्टन टाकलेले हात अजून गावोगाव आहेत. ती माणसं सहज म्हणतात, "पाव मिमी बोअर मारा की." पण चेन सॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा. आत निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा किंवा क्रोमचा मुलामा, तोही मिलिमीटरच्या काही शतांशांचा. लेथवर चढवला की मुलामाच निघून जातो. पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीला नुसतं चिकटलं असेल तर ॲसिडनं जपून काढता येतं. खालचा मुलामा सोलला असेल तर सिलिंडर संपला. आणि पिस्टन सीझ का झाला ते न शोधता नवा टाकला, तर तोही जाणार. पेट्रोलमध्ये ऑईल कमी पडलं की क्रँकच्या सीलमधून हवा ओढली गेली, याचा माग घेतल्याशिवाय मी मशीन बाहेर सोडत नाही.

हे सगळं मी चोख करतो. आता मनाला विचारायचा प्रश्न असा, की हा चोखपणा कुणासाठी?

पैसे देतो तो ठेकेदार, नाहीतर वखारवाला. मशीन हातात धरतो तो मजुरीवरचा पोरगा. माझ्या कामाची पावती पहिल्याकडून मिळते, आणि ते अंगावर येतं दुसऱ्याच्या. कॉम्प्रेशन गेलेलं मशीन ओल्या बाभळीत अडतं, चेन थांबते. नवा पिस्टन पडला की तेच मशीन पूर्ण जोरात फिरतं. पुढची ब्रेकची दांडी मात्र कधीच मोडून पडलेली असते. चेनच्या पट्टीचं टोक नको तिथं टेकलं की मशीन उसळून माणसाच्या तोंडाकडे येतं. त्या क्षणी चेन थांबवायची म्हणून ती दांडी असते. म्हणजे मी त्या पोराच्या हातात आधीपेक्षा जास्त धोका देतो, आणि तोही शतांश मिलिमीटरपर्यंत अचूक. ठेकेदार म्हणतो, "ब्रेकचं नंतर बघू, सीझन निघू दे." मी बिलावर "ब्रेक नाही" असं लिहितो. ते लिहिणं त्या पोरासाठी आहे असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं. बिल त्याच्या हातात जातच नाही. ते लिहिणं मला वाचवायला आहे.

झाडांचंही तसंच. शेतातलंसुद्धा अनुसूचीतलं झाड तोडायला परवानगी लागते, १९६४ चा कायदा आहे. मशीन दुरुस्त करून नेणाऱ्याला मी परवानगी विचारत नाही, आणि विचारावी असं मला मनापासून वाटतही नाही. २३ जुलै २०२१ ला पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्याला दरडी कोसळल्या. अशा दिवसांत आडव्या पडलेल्या झाडांतून रस्ता मोकळा करायला हीच मशिनं लागतात. त्याच्या आदल्या वर्षी, २०२० मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा जुना वड वाचावा म्हणून लोक उभे राहिले आणि हमरस्त्याची आखणी सरकवली गेली. दोन्ही ठिकाणी करवत तीच. ती कुठे चालेल हे ४२.५ च्या पिस्टनवरून कळत नाही, आणि मी वनखात्याचा माणूस नव्हे. हे उत्तर मला पुरतं. ब्रेकच्या बाबतीत तेच उत्तर पुरत नाही, कारण मोडकी दांडी माझ्याच बाकावर, माझ्या डोळ्यांसमोर असते. "मी फक्त मिस्त्री" हे वाक्य कुठं खरं आणि कुठं सोयीचं, एवढं तरी मला ओळखता यायला हवं.

म्हणून हल्ली मशीन चालू करून दाखवायची वेळ आली की बाहेर मोटरसायकलवर बसलेल्या पोराला आत बोलावतो. दोरी त्यालाच ओढायला लावतो. दांडी नसलेली जागा बोट ठेवून दाखवतो आणि टोक टेकलं की काय होतं ते सांगतो. परवा एकजण म्हणाला, "मामा, दांडी मीच काढली. फांद्यांत अडकते, काम होत नाही, आणि पैसे टनावर मिळतात." त्याचंही खोटं नाही. माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं, जुनी एक दांडी होती. ती लावून देतो म्हटल्यावर तो मुकादमाकडे बघायला लागला, आणि मुकादम म्हणाला, "मामा, बिल पिस्टनचंच करा."