आतला नट

चासीच्या पोकळ पट्टीत कारखान्यातच वेल्ड केलेला नट सुटला, की बाहेरून बोल्ट कितीही फिरवा, आत नटही त्याच्याबरोबर फिरत राहतो. नदीनाल्यांतून हिंडलेल्या जुन्या जिप्सीचं हे नेहमीचं दुखणं. पट्टीत चिखल साचतो, गंज धरतो आणि इंजिनाखालची जाड प्लेट एका बाजूने लोंबू लागते. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरखाली एका रविवारी हे काम होतं. अडकलेला बोल्ट तेल मुरवून, तापवून सोडवायचा. नुसते आटे गेले असतील तर भोक वाढवून नवे आटे पाडायचे. नटच सुटला असेल तर आधी बॅटरी काढायची, पट्टीला खिडकी कापायची, नवा नट वेल्ड करायचा, खिडकी बुजवायची. वर काळा रंग.

माझी अडचण या रंगाची आहे. गंज थोपवायला तो हवाच. पण तो दुरुस्तीही झाकतो, आणि मग आत काय आहे हे एकाच माणसाला ठाऊक उरतं.

‘गाडी माझी, जोखीम माझी’ हे प्लेटपुरतं ठीक. ती पडली तर माझंच इंजिन दगडावर आपटेल. सीटबेल्टच्या बोल्टला हे लागू नाही. मागे मित्राचा मुलगा बसतो, तो माझ्या वेल्डिंगच्या भरवशावर बसलाय हे त्याला ठाऊक नसतं. माझा वेल्ड दिसायला चांगला असतो. आत किती धरलाय हे तोडल्याशिवाय मला कळत नाही, आणि तोडला तर दुरुस्तीच उरत नाही. म्हणून तो बोल्ट मी घरी करत नाही. भित्रेपणा म्हणा हवं तर.

दिल्लीत यात आणखी एक माणूस येतो. पंधरा वर्षांपुढच्या गाड्या रस्त्यावर नकोत, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये म्हटलं; २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बंदीच्याच बाजूने आदेश दिला. पुढे त्यात फेरफार झाले, पण तोवर कितीतरी गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्यांत गेल्या. कागदांत मालक, विमा, इंजिनाचा क्रमांक, सगळं असतं. आतला नट नसतो. डोंगरातल्या वळणावर त्या गाडीत बसलेल्या अनोळखी माणसाचं माझ्याकडे काही देणं निघतं का? मला वाटतं निघतं, आणि गाडी विकल्यावर ते फिटत नाही. (क्वार्टरमध्ये राहणारे आपण सगळेच आधीच्या माणसाच्या दुरुस्त्यांत राहतो. नळाला किती सुतळी गुंडाळलीय, हे नळ हातात आल्यावरच कळतं.)

मित्र म्हणतो, सांगितलंस तर भाव पडेल. पडेलच. पण किती पाडायचा हे घेणाऱ्याने ठरवायचं. न सांगता ते मीच ठरवून टाकलेलं असतं. कोणता नट कधी बदलला याचा कागद गाडीच्या कप्प्यात ठेवलाय. तो कुणी वाचेलच असं नाही. म्हणून घेणारा आला की त्याला गाडीखाली सरकायला लावून, खिडकी कुठे कापली होती ते बोट ठेवून दाखवायचं ठरवलंय.