देणगी कोणासाठी?

नाताळाचा सण जवळ येऊ लागला म्हणजे गावोगावच्या आपल्या मंडळ्यांत दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक सणाच्या उपासनेची, व दुसरी मुंबई, नवी मुंबई, पुणे येथे नोकरीस गेलेल्या मुलांच्या येण्याची. ही मुले रिकाम्या हातांनी येत नाहीत. पूर्वी त्यांच्या पिशवीतून लुगडे, सदऱ्याचे कापड व मुलांसाठी खाऊ निघत असे. आता बहुधा एखादे यंत्र निघते: मोबाइल, टॅबलेट, मनगटावरचे स्मार्ट घड्याळ, नाहीतर कानात घालावयाचे इअरबड्स. अशा वस्तू देणग्या म्हणून द्याव्यात की नाही, आणि द्यावयाच्या झाल्यास कोणत्या विचाराने द्याव्यात, असा प्रश्न एका उपदेशक बंधूंनी मला केला. त्याचे उत्तर देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

गेल्या डिसेंबरात कामानिमित्त माझे नवी मुंबईस जाणे झाले. 1970 साली सिडको स्थापन झाली तेव्हा ज्या ठिकाणी भातशेते, मिठागरे व आगरी-कोळी लोकांची गावे होती, तेथे आज वाशी, नेरूळ, खारघर अशी मोठमोठी वसतिस्थाने उभी आहेत. वाशीच्या एका दुकानात मी थोडा वेळ थांबलो होतो. तेवढ्या वेळात तीन गिऱ्हाइके आली, आणि तिघांनीही दुकानदारास एकच प्रश्न विचारला: "सध्या जास्त काय खपते?" "माझ्या आईची दृष्टी अधू आहे, तिला काय उपयोगी पडेल?" असे एकानेही विचारले नाही.

प्रियहो, ह्या दोन प्रश्नांमध्ये फार मोठे अंतर आहे. जे पुष्कळ खपते ते पुष्कळांना हवे असते, एवढेच त्यावरून सिद्ध होते. जिला आपण ते देणार त्या एका व्यक्तीस ते हवे आहे की नाही, हे दुकानदारास कसे कळावे? ते ओळखणे हे देणाऱ्याचेच काम होय. वस्तू कोणीही विकत घेऊ शकतो, परंतु घेणाऱ्याची गरज जाणणे हे प्रीतीवाचून घडत नाही. हे काम आपण बाजारावर सोपवले, तर देणगीतले जे मुख्य तेच आपण दिले नाही असे होते.

आमच्या मंडळीत एक विधवा बाई आहेत. त्यांचा मुलगा तुर्भे येथे एका गोदामात काम करतो. त्याने त्याच नाताळात आईकरिता एक भारी मोबाइल हप्त्यांवर घेतला व पार्सलाने पाठवून दिला. हप्ते फिटावेत म्हणून त्याने सुटीच्या दिवसांतही काम पत्करले, आणि तो स्वतः घरी आला नाही. मी भेटीस गेलो तेव्हा बाईंनी ट्रंकेतून जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला तो मोबाइल काढून मला दाखवला. त्यांचा जुना बटणांचा फोन चांगला चालत होता, व त्याचे मोठे आकडे त्यांस दिसतही होते. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, वस्तू भारी आहे, म्हणून जपून ठेवली. पण त्याला सांगा, पुढल्या वर्षी नुसता ये."

त्या मुलाच्या प्रीतीविषयी मला शंका नाही. त्याने कष्ट सोसले. परंतु आईला जे हवे होते ते विकून त्याने तिला नको असलेले घेतले, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

हप्त्यांविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. "बिनव्याजी" ह्या शब्दाने आपले पुष्कळ तरुण भुलतात. 2013 साली रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट बजावले की, शून्य व्याजाच्या अशा योजनांत पुष्कळदा व्याज हे प्रक्रिया-शुल्काच्या रूपाने लपवलेले असते. म्हणून कागदावर सही करण्यापूर्वी सर्व हप्ते व शुल्क ह्यांची बेरीज करावी, आणि ती रोखीच्या किमतीशी ताडून पाहावी. शिवाय ज्या देणगीचे कर्ज पुढच्या नाताळापर्यंत फिटत नाही, ती देणगी देणाऱ्याच्या मुलाबाळांच्या ताटातून काढलेली असते.

आणखी एक किंमत आहे, ती दुकानाच्या पावतीवर लिहिलेली नसते. ह्या यंत्रांच्या बॅटऱ्यांत कोबाल्ट नावाचा धातू वापरतात. जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट आफ्रिकेतील काँगो देशातून येतो, आणि तेथील काही खाणींत लहान मुलेही हातांनी खणतात, हे उघडकीस आलेले आहे. यंत्र जुने झाले म्हणजे त्याचा विषारी कचरा होतो. ई-कचऱ्याविषयीचे नवे सरकारी नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले असून, तो कचरा योग्य रीतीने हाताळला जाईल ह्याची जबाबदारी उत्पादकांवरही आहे. तरी आपले जुने फोन तारा जाळणाऱ्यांच्या हाती न देता अधिकृत संकलन-केंद्रात द्यावेत. आणि चालत असलेले यंत्र केवळ जुने दिसते म्हणून टाकू नये.

मुलांना द्यावयाच्या यंत्रांविषयी लिहिताना मला प्रथम माझी चूक कबूल केली पाहिजे. मी माझ्या धाकट्या मुलीस एक टॅबलेट दिला. अभ्यासासाठी, असे मी सर्वांस सांगितले. परंतु खरे कारण हे की, मी उपदेश लिहीत असता तिने मला प्रश्न विचारू नयेत. ती देणगी मी तिला दिली नव्हती, तर मला स्वतःला दिली होती. काही महिन्यांनी तिने प्रश्न विचारणेच सोडून दिले, तेव्हा मला ह्याचे मोल कळले.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने 2022 च्या ऑगस्टात ठरवले की, रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजावा, व दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद राहावेत, म्हणजे मुलांनी वाचावे व घरच्यांनी परस्परांशी बोलावे. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बांशी गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांस मोबाइलबंदीचा ठराव केला. अशा ठरावांचा अंमल किती होतो हा प्रश्न निराळा. परंतु जे घराघरांतील वडीलधाऱ्यांनी करावयाचे ते गावाला करावे लागले, ह्याचा विचार आपण करावा.

तर मग यंत्रे वाईट आहेत काय? मुळीच नाही. 2020 साली शाळा बंद पडल्या तेव्हा ज्या घरी मोबाइल नव्हता त्या घरचे मूल मागे पडले. ज्यांस वाचता येत नाही, त्यांस शास्त्रवाचन ऐकवणारा फोन हा मोठा आधार आहे. ज्या आजोबांना उपासनेतले एक अक्षर ऐकू येत नाही, त्यांस श्रवणयंत्र दिले तर त्यांचे अर्धे जग परत मिळते. तेही विजेवर चालणारे यंत्रच आहे, परंतु सणाच्या जाहिरातींत ते कोणी मांडत नाही.

पूर्वेकडील मागी लोकांनी बाळापुढे ठेवलेले सोने, ऊद व गंधरस ह्याही मौल्यवान वस्तूच होत्या, आणि त्यांचा अव्हेर झाला नाही. परंतु त्यांनी त्या कोणा वाटसरूच्या हाती पाठवून दिल्या नाहीत. दूरचा मार्ग चालून ते स्वतः घेऊन आले, आणि प्रथम त्यांनी नमन केले, मग थैल्या सोडल्या.

म्हणून, बंधुभगिनींनो, यंदा काही विकत घेण्यापूर्वी स्वतःस तीन प्रश्न विचारा. हे ज्याला देणार त्याची गरज मला ठाऊक आहे काय? ह्याची किंमत दुसरा कोणी तर भरत नाही ना? आणि हे दिल्याने आम्ही एकमेकांच्या जवळ येऊ की दूर जाऊ? उत्तरे समाधानकारक असली तर आनंदाने द्या, व ते वापरावयास शिकवण्यासाठी शेजारी बसा. नसली तर तो पैसा एसटीच्या तिकिटास लावा आणि घरी या. कोणाची तरी आई दाराशी उभी असेल.