खोटे फॉलोअर्स, खोटे माप



दिव्य कुरआनच्या 83 व्या अध्यायाचे नाव 'अल्-मुतफ्फिफीन', म्हणजे मापात मारणारे. घेताना पुरेपूर घ्यायचे आणि देताना मापात मारायचे, अशांच्या विनाशाच्या इशाऱ्याने त्याचा आरंभ होतो. सोमेश्वरनगरसारख्या साखर कारखान्याच्या गावी हा इशारा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. उसाची गाडी वजनकाट्यावर चढते, तेव्हा शेतकऱ्याचे वर्षभराचे श्रम एका आकड्यात सामावतात.

आज बाजारात आणखी एक काटा आला आहे: समाजमाध्यमांवरील फॉलोअर्सचा आकडा. त्यावरून जाहिरातीचे मोल ठरते. पण हा आकडा विकतही मिळतो. 2020 मध्ये गायिका भूमी त्रिवेदी यांच्या नावे बनावट प्रोफाइल असल्याच्या तक्रारीवरून मुंबई पोलिसांनी तपास केला, तेव्हा पैसे घेऊन बनावट फॉलोअर्स पुरविण्याचा धंदा उजेडात आला.

कोणी म्हणेल, यात कोणाचे काय गेले? जाहिरात देणारा दुकानदार हजारो माणसांचे पैसे मोजतो आणि त्याच्या पदरी रिकामी खाती पडतात. आकड्यावर विसंबणारा ग्राहक फसतो. खरी माणसे जोडणाऱ्या प्रामाणिक तरुणाची रोजी बुडते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी 'नजश' निषिद्ध ठरविला. वस्तू घ्यायची नसताना केवळ भाव चढविण्यासाठी बोली लावणे म्हणजे नजश. विकत आणलेला फॉलोअर ही अशीच खोटी बोली होय. धान्याच्या राशीत हात घालून प्रेषितांनी (स.) आतला ओलावा उघड केला आणि फसविणारा आपल्यातला नाही, असे बजावले. जे लाभलेच नाही ते लाभल्याचा आव आणणाऱ्याला त्यांनी खोटेपणाची दोन वस्त्रे ल्यायलेल्याची उपमा दिली.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु कायद्याच्या नजरेतून निसटलेला व्यवहार अल्लाहच्या नजरेतून निसटत नाही.

म्हणून पालकांनो, मुलाला फॉलोअर्स किती झाले एवढेच विचारू नका. ते कसे झाले, हेही विचारा. ज्याच्या हातून ही चूक घडली असेल, त्याने बनावट आकडा काढून टाकावा आणि फसवून घेतलेला पैसा ज्याचा त्याला परत करावा. दुसऱ्याचा हक्क परत केल्यावाचून तौबा पूर्ण होत नाही. वाईटाची विपुलता कितीही भुरळ घालो, ते चांगल्याच्या बरोबरीचे ठरत नाही, ही सूरह अल्-माइदाची शिकवण आहे.

अल्लाह आम्हांला हलाल रोजी आणि खरे माप देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.